मुदत परमिटची, वर्षं माणसाची

कॅनडात शिकायला गेलेल्या मुलाला घरून फोन येतो तेव्हा पहिल्या वर्षी 'जेवलास का' विचारतात, दुसऱ्या वर्षी 'नोकरीचं काय', आणि त्यानंतर एकच प्रश्न उरतो: 'पीआर लागला का?' पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क. तो लागेपर्यंत मुलाच्या हातात असतो तो शिक्षणानंतरचा वर्क परमिट. जास्तीत जास्त तीन वर्षांचा, आयुष्यात एकदाच मिळणारा, पुन्हा वाढवून न मिळणारा. तो कधी संपणार ती तारीख पहिल्या दिवसापासून त्यावर छापलेली असते. म्हणजे कागदावर लपवाछपवी कुठेच नाही. तरीही ती तारीख सहा महिन्यांवर आली की हजारो मुलामुलींना आपण फसवले गेलो असं वाटू लागतं. हे वाटणं खरं, की आपल्याच हट्टाला दिलेलं गोंडस नाव?

या प्रश्नाची दोन उत्तरं तयारच असतात. तिकडचा माणूस म्हणतो, 'तात्पुरते आला होतात, तारीख माहीत होती, आता निघा.' इकडचा म्हणतो, 'गरज सरो नि वैद्य मरो. फी उकळली, राबवून घेतलं आणि दार दाखवलं.' दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत, कारण दोन्ही बाजू एकाच गोष्टीकडे बघायचं टाळतात. कोणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क राज्याला आहे, हे मला मान्य आहे. पण आत घेतलेल्या माणसाची तीन-चार वर्षं वापरून झाल्यावर, तो अर्ध्या वाटेवर असताना अटी बदलण्याचा हक्क त्याच हक्कातून निघत नाही. हे दोन हक्क वेगळे आहेत आणि आजच्या स्थलांतराच्या राजकारणात ते मुद्दाम एकत्र कालवले जातात.

आधी हे सगळं उभं कसं राहिलं ते पाहू. कॅनडाने २००८ साली शिक्षणानंतरचा परमिट तीन वर्षांपर्यंत वाढवला. २०१५ च्या जानेवारीत 'एक्स्प्रेस एंट्री' ही गुणांवर चालणारी पीआरची पद्धत आली आणि २०१६ च्या अखेरीला तिच्यात कॅनडात शिकलेल्यांना जादा गुण मिळू लागले. तिकडे ऑन्टारिओ प्रांताने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कापली आणि मग गोठवून टाकली. मतदार खूश झाले, पण कॉलेजांच्या तिजोरीत खड्डा पडला. तो भरायला परदेशी विद्यार्थी होते, कारण त्यांच्या फीला अशी मर्यादा नव्हती. स्थानिक मुलाच्या कितीतरी पट फी भरून पंजाब, गुजरात आणि महाराष्ट्रातली मुलं ऑन्टारिओच्या छोट्या छोट्या गावांतल्या कॉलेजांत दाखल झाली. ही फी ती निव्वळ डिप्लोमासाठी भरत नव्हती. डिप्लोमाच्या मागे परमिट होता आणि परमिटच्या मागे पीआर. पुण्या-नाशिकचे कन्सल्टंट हे तिन्ही एकाच पाकिटात घालून विकत होते, हे खरं. पण पाकिटाची कल्पना त्यांची नव्हती. २०२१ च्या जानेवारीत तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री मार्को मेंडिसिनो यांनी जाहीरच सांगितलं होतं की आम्हाला तुम्ही इथे नुसतं शिकायला नको, राहायलाही हवे आहात.

आणि सरकार तसं वागलंही. कोविडमुळे सीमा बंद होत्या, बाहेरून माणसं आणता येत नव्हती आणि वर्षाचा आकडा तर गाठायचा होता. १३ फेब्रुवारी २०२१ च्या ड्रॉमध्ये, म्हणजे गुणांच्या यादीतल्या वरच्यांना बोलावण्याच्या फेरीत, गुणांची अट थेट ७५ वर आणली आणि एका फटक्यात २७,३३२ जणांना पीआरचं आमंत्रण गेलं. एरवी हा कटऑफ साडेचारशेच्या पुढे असे. त्याच वर्षी मे महिन्यात आधीपासून कॅनडात असलेल्यांसाठी ९० हजार जागांची खास योजना निघाली. तिच्यातल्या पदवीधरांच्या ४० हजार जागा साधारण एका दिवसात भरल्या. ज्यांचे परमिट संपत होते त्यांना २०२१, २०२२ आणि २०२३ अशी तीनदा दीड-दीड वर्षाची मुदतवाढ मिळाली. मागून येणाऱ्या मुलांनी यातून काय समजावं? परमिटवरची तारीख ही सवय म्हणून छापलेली असते आणि वेळ आली की सरकार मार्ग काढतं, असंच ना? त्यांनी तसंच समजून घेतलं. हा भाबडेपणा नव्हता, समोर दिसणाऱ्या वर्तनावरून काढलेला अंदाज होता.

मग वारं फिरलं. घरांच्या किमती आणि भाडी सामान्य कॅनेडियन माणसाच्या आवाक्याबाहेर गेली, तात्पुरत्या रहिवाशांची संख्या ३० लाखांच्या घरात पोचली आणि निवडणूक जवळ आली. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परमिटवर मर्यादा आली. विद्यार्थ्याने खर्चासाठी दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पीआरचं २०२५ चं लक्ष्य पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आलं. प्रांतांना स्वतःच्या शिफारशीने ज्या जागा भरता येतात त्यांचं लक्ष्य १ लाख १० हजारांवरून थेट निम्म्यावर आणलं. मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरबद्दल मिळणारे गुण काढून टाकले. आणि संपणाऱ्या परमिटना मुदतवाढ? ती या वेळी नाही.

आता जरा हिशेबाला बसू, कारण या विषयात सगळे भावनेने बोलतात आणि गुण फक्त मुलं मोजत बसतात. समजा एक एकटी मुलगी आहे, वय २९. भारतातली पदवी, वर कॅनडातला वर्षभराचा पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा, उत्तम इंग्रजी, कॅनडात दोन वर्षं नोकरी. वयाचे ११०, शिक्षणाचे १२८, इंग्रजीचे १२४, अनुभवाचे ५३. शिक्षण, भाषा आणि अनुभव यांच्या मेळाचे ५०, कॅनडात शिकल्याचे १५. एकूण ४८०. २०२१ च्या त्या फेब्रुवारीत याच्या सहाव्या हिश्श्यात काम झालं असतं. २०२४-२५ मध्ये तिच्यासारख्यांच्या ड्रॉचा कटऑफ बहुतेक वेळा ५२० च्या वर राहिला. तिने काय चुकवलं? काहीही नाही. उलट तिसाव्या वाढदिवशी वयाचे पाच गुण जातील, एकतिसाव्याला आणखी सहा. आणखी एक वर्ष नोकरी केली तर ११ गुण वाढतील. म्हणजे दोन वाढदिवसांत जेवढं जाणार तेवढंच वर्षभर राबून भरून निघणार, आणि तेही परमिट शिल्लक असेल तर.

तिच्यापुढे खरोखरची एक वाट उरते, ती म्हणजे फ्रेंच. फ्रेंच बऱ्यापैकी येणाऱ्यांचे वेगळे ड्रॉ होतात आणि त्यांचा कटऑफ शंभरएक गुणांनी खाली असू शकतो. म्हणून टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये, जिथे रोजच्या व्यवहारात फ्रेंच कानावरही पडत नाही, तिथे रात्रपाळीहून आलेली मराठी मुलं सकाळी ऑनलाइन क्लासला बसून फ्रेंच क्रियापदं घोकतात. क्वेबेकबाहेर फ्रेंच बोलणारे वाढावेत हे कॅनडाचं धोरण आहे आणि त्यामागे त्या देशाचा इतिहास आहे. त्याला माझी हरकत नाही. पण ही अट दारात सांगितली असती तर मुलगी पुण्यात अलियाँस फ्रान्सेजमध्ये दोन वर्षं काढून मग निघाली असती. आत घेतल्यावर, घड्याळ सुरू झाल्यावर ती समजली, यात गडबड आहे.

मुळात या गुणपद्धतीचा स्वभावच बघा. शाळेत ३५ ला पास ठरलेलं असतं. तेवढे मिळवले की तुम्ही पास, शेजारच्याला किती मिळाले याच्याशी संबंध नाही. एक्स्प्रेस एंट्रीत पासची रेघच आखलेली नाही. त्या पंधरवड्यात सरकारला किती माणसं हवीत आणि रांगेत तुमच्या पुढे कोण आहे, यावर कटऑफ ठरतो. हा प्रकार बाहेरून थेट अर्ज करणाऱ्याच्या बाबतीत एक वेळ चालेल. त्याचं कॅनडात काही गुंतलेलं नाही, या वर्षी जमलं नाही तर पुढच्या वर्षी बघेल. पण जो तिथे शिकला, कर भरला, भाड्याचं घर घेतलं, त्याला याच लिलावात उभं करणं वेगळं. त्याला पास व्हायला काय लागतं ते कोणीच सांगू शकत नाही, कारण ते कोणालाच माहीत नसतं. सांगता येते ती फक्त नापास होण्याची तारीख.

त्या तारखेचा खरा परिणाम माणसाच्या मनावर होतो त्याहून जास्त त्याच्या सौदा करण्याच्या ताकदीवर होतो. शिक्षणानंतरचा परमिट खुला असतो. मालक पटला नाही तर दुसरीकडे जाता येतं. तो संपत आला की कामाचा हक्क टिकवायला उरणारा मुख्य कायदेशीर मार्ग म्हणजे मालकाने सरकारकडून 'एलएमआयए' मिळवणं, म्हणजे या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही असा दाखला. त्यावर मिळणारा परमिट त्या एका मालकाशी बांधलेला असतो. चौथ्या-पाचव्या वर्षी, जेव्हा माणसाची मुळं रुजायला लागलेली असतात आणि अनुभवाने त्याची किंमत वाढलेली असते, नेमकं तेव्हा त्याला खुल्या परमिटवरून बांधलेल्या परमिटवर यावं लागतं. जगात सगळीकडे अनुभवाबरोबर मोकळीक वाढते, इथे ती घटते. अडला हरी गाढवाचे पाय धरी. ओव्हरटाइम बुडवला तरी बोलायचं नाही, सुट्टी नाकारली तरी बोलायचं नाही. संयुक्त राष्ट्रांचे आधुनिक गुलामगिरीविषयीचे विशेष प्रतिवेदक टोमोया ओबोकाटा यांनी २०२३ मध्ये कॅनडाला भेट दिल्यावर बांधलेल्या परमिटच्या याच पद्धतीवर कडक टीका केली होती.

जिथे माणूस अडतो तिथे बाजार उभा राहतो. कामगाराला हा दाखला फुकट मिळायला हवा, तो कित्येक हजार डॉलरला विकला जाऊ लागला. तो घेतला की परमिटही मिळे आणि ऑफरचे ५० गुणही. आपल्या उदाहरणातल्या मुलीचे ४८० चे ५३० झाले असते. खोट्या ऑफर वाढल्या, म्हणून सरकारने गुणच काढून टाकले. त्यात विकणाऱ्यांचा धंदा काही प्रमाणात बसला, पण खरी ऑफर असलेलेही भरडले गेले. इतर वाटा म्हणाव्यात तर पुन्हा एखाद्या कोर्सला नाव घालून पुन्हा फी भरायची, किंवा व्हिजिटर म्हणून राहायचं आणि काम करायचं नाही, किंवा कोणीतरी सुचवतं म्हणून आश्रयाचा अर्ज ठोकायचा. हा शेवटचा मार्ग तर खऱ्या निर्वासितांच्या पोटावर पाय देणारा आहे. त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण मुदतीच्या टोकाला माणसाला ढकललं की त्यातले काही जण खोटं बोलणार, हे समजायला मोठा अभ्यास लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट ऐकायला हवं, कारण ते पोकळ नाही. टोरांटोतला पंचविशीचा कॅनेडियन तरुण विचारतो की माझं भाडं माझ्या अर्ध्या पगाराएवढं झालं, डॉक्टरकडे नंबर लागत नाही, पार्टटाइम नोकरीसाठी शेकडो अर्ज येतात, मग सरकारने आकडा कमी केला तर काय बिघडलं? काहीही बिघडलं नाही. लोकशाहीत सरकारने लोकांचं ऐकून धोरण बदलायचं नाही तर काय करायचं? प्रश्न बदलाचा नाही, बदल कोणावर लागू करायचा याचा आहे. उद्यापासून येणाऱ्यांना नवा नियम सांगा, ते ठरवतील यायचं की नाही. काल आलेल्यांना जुन्या नियमाने तोला. २०२४ च्या मे महिन्यात शार्लटटाउनमध्ये उपोषणाला बसलेल्या भारतीय मुलांची मागणी नेमकी हीच होती. तिथल्या प्रिन्स एडवर्ड आयलंड प्रांताने हॉटेल आणि दुकानांत काम करणाऱ्यांच्या पीआरसाठीच्या शिफारशी कमी केल्या होत्या. मुलं म्हणत होती, नियम बदला, पण आम्ही नियम बदलायच्या आधी आलो आहोत. या मागणीला आगाऊपणा म्हणणारे पुष्कळ निघाले. मला ती कायद्याच्या साध्या तत्त्वाला धरून वाटते.

हे तत्त्व कोर्टाने मान्य केल्याचं उदाहरणही आहे. ब्रिटनने २००२ मध्ये अतिकुशल स्थलांतरितांसाठी योजना काढली आणि येताना ब्रिटनलाच आपलं मुख्य घर मानण्याची तयारी त्यांच्याकडून मागितली. नोव्हेंबर २००६ मध्ये मुदतवाढीचे निकष कडक केले आणि ते आधी आलेल्यांनाही लावले. घरं विकून, नोकऱ्या सोडून आलेले कित्येक भारतीय त्यात अडकले. त्यांची संघटना कोर्टात गेली आणि एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने सांगितलं की ज्यांना एका अटीवर बोलावलं त्यांच्यावर मधेच दुसरी अट लादणं अन्याय आहे. सरकारचा धोरण बदलण्याचा हक्क कोर्टाने हिरावला नाही, त्याची दिशा पुढची ठेवली. कॅनडाचा स्वतःचा इतिहास याच्या उलट आहे. २०१२ मध्ये त्याने फेब्रुवारी २००८ च्या आधीचे कुशल कामगारांचे रांगेतले अर्ज कायदा करूनच रद्द केले आणि फी परत देऊन विषय संपवला. फी परत करता येते, रांगेत गेलेली वर्षं कुठल्या खात्यात जमा करणार?

वर्षांचा हा मुद्दा राजकीय तत्त्वज्ञानातही आहे. मायकेल वॉल्झर यांनी १९८३ मध्येच मांडलं की ज्यांच्या श्रमावर समाज चालतो त्यांना कायमचं बाहेरचं ठेवणं ही लोकशाहीतली जुलूमशाही आहे. टोरांटो विद्यापीठाचे जोसेफ कॅरन्स याच वाटेने पुढे गेले. त्यांच्या म्हणण्याचा सार असा की माणूस एखाद्या समाजात राहत जातो तसतसा त्याचा त्या समाजावरचा नैतिक दावा वाढत जातो, मग तो कुठल्या कागदावर आला हे गौण ठरतं. या युक्तिवादावर एक खणखणीत आक्षेप आहे. वर्षांनी दावा तयार होतो असं म्हटलं तर राज्य शहाणपणाने वर्षं होऊच देणार नाही, माणसाला लवकर हाकलेल. कॅनडाने तेही करून पाहिलं आहे. २०११ मध्ये नियम आला की तात्पुरत्या कामगाराने एकूण चार वर्षं काम केलं की पुढची चार वर्षं त्याला कॅनडात काम करता येणार नाही. काय झालं? मालकांना शिकवून तयार केलेला माणूस घालवून नवा आणावा लागला, कामगारांपैकी काही कागदाशिवाय राहिले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये नियम गुंडाळावा लागला. माणसं बदलत राहिली तरी काम तेच राहतं. काम कायमचं असेल तर माणूस तात्पुरता ठेवण्यात राज्याचंही हित नसतं.

जर्मनीला हा धडा त्याआधी पन्नास वर्षं मिळाला होता. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करताना कामगार दोन वर्षांनी परत पाठवायचे असं ठरलं. १९६४ मध्ये ती अट गेली, कारण कारखानदारांनाच ती परवडेना. १९७३ मध्ये तेलसंकट आलं आणि भरती बंद झाली. सरकारला वाटलं, आता हे हळूहळू परत जातील. झालं उलटंच. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे कळल्यावर लोक तिथेच थांबले आणि बायका-मुलांना बोलावून घेतलं. १९८३ मध्ये परत जाणाऱ्याला साडेदहा हजार मार्क देऊ केले, तरी बहुतेक जण राहिले. दार ढकलून बंद केलं की आतला माणूस बाहेर पडत नाही. जाण्या-येण्याची खात्री असेल तर तोच माणूस मोकळेपणाने परतायचा विचार करतो.

याच्याशी आखाताची तुलना करून पाहावी. रत्नागिरी, महाड, श्रीवर्धनकडची माणसं पन्नास वर्षं कुवेत, ओमान, दुबईला जात आली आहेत. कफाला पद्धतीत मालकाच्या हातात माणसाची नाडी असते, पासपोर्ट काढून घेतले जातात, जुलूम होतो. त्या व्यवस्थेची वकिली कोणी करू नये. पण एका बाबतीत ती स्पष्ट आहे. तुम्ही इथले होणार नाही हे तिथे पहिल्या दिवशीच कळतं. म्हणून कोकणातला माणूस पैसा गावाकडे पाठवतो, गावात घर बांधतो, मुलांना गावी शिकवतो. परत येण्याची तयारी तो जातानाच करतो. कॅनडाच्या बाबतीत पैशाचा प्रवाह आधी उलटा वाहतो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला आपल्या सरकारी बँका बहुधा तारण मागतात. ते तारण म्हणजे बहुतेकदा बापाचं घर नाहीतर जमीन. त्यामुळे परमिट संपतो तेव्हा मुलाचा व्हिसाच नाही, बापाचा सातबाराही टांगणीला लागतो. अमेरिकेत तिसराच प्रकार. तिथे एच-१बी ला कायद्याने सहा वर्षांची मुदत आहे, पण ग्रीन कार्डची रांग लागलेली असेल तर तो वाढत राहतो. एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते. भिजत घोंगडं. नोकरी गेली की ६० दिवसांची मुदत, मूल २१ वर्षांचं झालं की त्याचा आईबापाच्या व्हिसावरचा हक्क संपतो. आखात आशाच देत नाही, अमेरिका आशा देऊन ती कधीच पुरी करत नाही. कॅनडाने आशा दिली, काही वर्षं खरोखर पुरीही केली आणि मग मधेच भाव बदलला. तिन्हींत सर्वांत जास्त माणसं याच प्रकाराने गाफील राहिली.

आपल्याकडच्या दोषाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हा लेख परदेशाच्या नावाने खडे फोडण्याचा उद्योग होईल. मुलगा परत आला की आपण काय करतो? 'नाही जमलं वाटतं त्याला' हे वाक्य सोसायटीच्या लिफ्टमध्येच कानावर पडतं. टोरांटोत तीन वर्षं वेअरहाऊसचा हिशेब सांभाळलेल्या मुलीला चाकण किंवा भिवंडीत त्या अनुभवाची किंमत मिळेल अशी रचना आपण उभी केलेली नाही. वर तिच्या लग्नाच्या बाजारात तिचा भाव आपण पीआरवर ठरवतो. एलएमआयएचा दाखला विकत घ्यायला जे पैसे जातात त्यातला एक हिस्सा या लाजेचा असतो. मुलगा फोनवर रडत असतो आणि बाप म्हणतो, 'अजून सहा महिने कसंही काढ.' हे 'कसंही' म्हणजे बहुतेक वेळा बेकायदा असतं हे बापालाही माहीत असतं. परत येणं ही हार नाही, असं आपण ठरवलं तर तिकडच्या मालकाच्या हातातला निम्मा चाबूक आपोआप सुटेल. कारण ज्याला परत जायला तोंड आहे त्याला कोणी वेठीला धरू शकत नाही.

मग मागायचं काय? सगळ्यांना पीआर द्या अशी मागणी मी करणार नाही. ती मान्य होणार नाही आणि व्हायलाही नको. मागणी तीनच गोष्टींची आहे. पहिली, ज्याला आत घेतलं त्याला त्या दिवशीच पासची रेघ सांगा: एवढं शिकलास, एवढी वर्षं अमुक कामात काढलीस, भाषा इतकी आली, तर पीआर मिळेल, नाहीतर मिळणार नाही. जागा कमी असतील तर दारातच कमी घ्या. दुसरी, रेघ बदलायची असेल तर ती पुढच्यांसाठी बदला. तिसरी, ज्याला खरंच तात्पुरतं बोलवायचं आहे त्याला स्वस्तात, थोड्या काळासाठी, मालक बदलायची मोकळीक देऊन बोलवा. त्याच्याकडून कायमच्या वास्तव्याची किंमत आगाऊ वसूल करू नका.

हे तत्त्व मान्य केलं तर ते आपल्या अंगणातही लागू करावं लागेल. टोरांटोत 'आमच्या वर्षांचं काय' विचारणारा मराठी माणूस ठाण्यात आला की परप्रांतीय रिक्षावाल्याला 'तुमच्या गावी जा' म्हणतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कायद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी एक नाहीत. बिहारचा माणूस भारताचा नागरिक आहे आणि राज्यघटनेने त्याला देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे उलट त्याचा दावा आपल्या मुलांच्या कॅनडातल्या दाव्याहून कितीतरी मजबूत आहे. पण युक्तिवाद एकच आहे: जिथे माणसाने वर्षं घातली, तिथल्या हिशेबात ती वर्षं धरली पाहिजेत. तो आपण फक्त आपल्या मुलांसाठी वापरला तर ओटावातला मंत्री तो गंभीरपणे का घेईल? राज्याला दार लावण्याचा हक्क आहे. आत बसवून, जेवणाचे पैसे घेऊन, मग पान मांडायचं की नाही याची चिठ्ठी काढण्याचा हक्क कोणालाही नाही, त्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही.